रावेरच्या हिरवाईत पक्षी किती?

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी रावेरजवळ आली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी, अशी या तालुक्याची मांडणी आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हाही ही हिरवाई टिकून असते. तिच्या मानाने गाव उजाड वाटते. सिमेंटची घरे, बाजार, बसस्थानक आणि अधूनमधून एखादा वड, कचेरीच्या आवारातले कडुनिंब, शाळेच्या कुंपणापाशी वाढलेली झुडपे.

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. पक्ष्यांच्या जाती कोठे जास्त सापडतील? केळीच्या एका एकरात, की जुनी झाडे असलेल्या शाळेच्या तेवढ्याच आवारात? बहुतेक मुले केळीच्या बागेकडे बोट दाखवतील, कारण ती जास्त हिरवी आहे. आमचा अंदाज उलटा आहे. शाळेचे आवार जिंकेल असे आम्हाला वाटते. असे का वाटते ते आधी पाहू. मग हा अंदाज खरा की खोटा हे मुलांनीच कसे ठरवायचे, याचा विचार करू.

केळीची बाग पक्ष्याच्या नजरेने

पक्ष्याला एखाद्या जागी राहायचे तर तीन गोष्टी लागतात: अन्न, घरट्याला जागा आणि शत्रूपासून आडोसा. केळीची बाग या तीन प्रश्नांना काय उत्तर देते?

प्रथम फळ. केळी हे पक्ष्यांचे आवडते खाद्य आहे, पण बागेत केळी पिकतच नाहीत. बाजारासाठी घड हिरवा असतानाच कापतात आणि तो नंतर पिकवतात. म्हणजे लाखो फळे टांगलेली असूनही फळे खाणाऱ्या पक्ष्याला तेथे फारसे काही मिळत नाही. केळफुलात मध असतो आणि शिंजीर त्यासाठी येतात. पण फळधारणा झाली की पुष्कळ शेतकरी केळफूल तोडून टाकतात आणि आता घडावर पिशवी चढवण्याची पद्धतही रूढ होत आहे.

दुसरा प्रश्न घरट्याचा. केळीचे आपल्याला दिसणारे खोड हे खरे खोड नव्हेच. पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून तो खांब तयार होतो आणि खरे खोड जमिनीत कंदाच्या रूपात असते. त्यात लाकूड नाही, म्हणून सुतार पक्ष्याला किंवा तांबटाला त्यात ढोली कोरता येत नाही. घड कापला की ते खोड संपते आणि शेजारचा मुनवा वाढू लागतो. वर्ष-दीड वर्षाहून जुने असे तेथे काहीच राहत नाही.

तिसरा प्रश्न आडोशाचा. बागेतली सर्व झाडे एकाच दिवशी लावलेली, एकाच उंचीची असतात. खाली जमीन स्वच्छ ठेवलेली असते. वर पानांचे एक छप्पर आणि खाली मोकळे तळघर, असे त्या बागेचे रूप असते.

याचा अर्थ केळीत पक्षी नसतात असा नाही. सातभाई पालापाचोळा उलटत फिरतात, पाणी सोडले की बगळे उतरतात, कोतवाल किडे टिपतो. बागेच्या कडेला वारा अडवण्यासाठी शेवरी किंवा गजराज गवत लावलेले असेल तर तेथे वटवट्या आणि मनोली दिसतात. शेतकऱ्याने केळी लावली यात चूक काही नाही. तालुक्याचे पोट त्यावर चालते. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की हिरवा रंग दिसला म्हणजे पक्ष्याच्या सर्व गरजा भागल्या असे समजू नये.

मजल्यांचे घर

आता जुन्या आवाराकडे वळू. एका मोठ्या झाडाखाली शांतपणे अर्धा तास बसले तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्व पक्षी सगळीकडे नसतात. प्रत्येकाने आपापला मजला धरलेला असतो.

साळुंकी, होला, सातभाई आणि हुदहुद जमिनीवर चरतात. हिवाळ्यात त्यांच्यात शेपटी हलवणारा धोबी येऊन मिसळतो. झुडपांत शिंपी आणि बुलबुल असतात. मधल्या फांद्यांवर दयाळ आणि नाचण दिसतात. शेंड्याकडे तांबट, कोकीळ, हळद्या. झाडाबाहेर उघड्या फांदीवर किंवा तारेवर वेडा राघू आणि कोतवाल बसतात, तेथून झेप घेऊन उडते किडे पकडतात आणि परत जागेवर येतात. सर्वांच्या वर आकाशात पाकोळ्या आणि घारी.

अमेरिकेतील रॉबर्ट मॅकार्थर आणि त्यांचे बंधू जॉन यांनी १९६१ मध्ये यावर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या जंगलांत त्यांनी जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानोळा कसा वाटला गेला आहे हे मोजले आणि तेथील पक्ष्यांशी ताडून पाहिले. पानोळा जितक्या जास्त थरांत विभागलेला, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त, असे त्यांना आढळले. हे थर कळल्यावर झाडांच्या जाती किती आहेत हे मोजून माहितीत फारशी भर पडत नव्हती.

ही गोष्ट शाळेच्या आवाराला लावून पाहा. पटांगणाचे ‘सुशोभीकरण’ म्हणजे बहुधा झुडपे काढणे, फरशा बसवणे, कडेला एकाच जातीची रोपे ओळीने लावणे. याने झाडांची संख्या कदाचित वाढते, पण झुडपांचा मजला नाहीसा होतो आणि त्या मजल्यावरचे भाडेकरू निघून जातात. शिंप्याला पान शिवायला झुडूप लागते. उंच अशोकाच्या ओळीत त्याची सोय होत नाही.

वाळलेली फांदी टाकाऊ नाही

उन्हाळ्याच्या दिवसांत ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज तासन्‌तास चालू असतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा तो वाटतो, म्हणून या पक्ष्याचे नाव तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. तो स्वतः ढोली कोरतो, पण त्याची चोच सुतारासारखी कणखर नसल्यामुळे त्याला मऊ झालेली, वाळलेली फांदी लागते. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची अशी फांदी त्याला चालते.

तांबट आणि सुतार हे ढोलीचे कारागीर आहेत. ढोलीत राहणारे बाकीचे पुष्कळ पक्षी स्वतः ढोली करू शकत नाहीत. दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा हे जुनी, सोडलेली किंवा फांदी कुजून आपोआप झालेली ढोली शोधतात. राखी धनेशाला तर इतकी मोठी ढोली लागते की ती जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच मिळते. त्याची मादी ढोलीत बसून दार आतून लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना भरवतो.

म्हणून दोन आवारांत सारखीच शंभर झाडे असली तरी एकातली झाडे पाच वर्षांची आणि दुसऱ्यातली साठ वर्षांची असतील तर पक्ष्यांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा आहेत. तोडलेल्या जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावली, असा हिशेब आपण नेहमी ऐकतो. त्या दहा रोपांमध्ये पिंगळ्याला घर मिळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागतात. तोवर पिंगळ्याने कोठे जायचे?

उंबरातल्या किड्याचे उपकार

पिकलेले उंबर फोडले की आतून बारीक माशा निघतात, हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. या माशांचे पक्ष्यांशी नाते आहे.

वड, पिंपळ, पायर, उंबर ही सर्व एकाच कुळातली झाडे. यांचे ‘फळ’ म्हणजे आतल्या बाजूला फुले असलेली बंद पिशवी. या फुलांचे परागण विशिष्ट जातीची चिमुकली माशीच करते आणि ती आपली अंडीही तेथेच घालते. प्रौढ माशीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतले फळ असलेले दुसरे झाड सापडले पाहिजे. एका जातीची सगळी झाडे एकाच वेळी फळली असती तर उरलेल्या वर्षात माशीचा वंशच बुडाला असता. म्हणून या कुळातील पुष्कळ झाडे आपापल्या वेळी फळतात. या चौकातला पिंपळ आज लगडलेला असेल, तर पलीकडच्या देवळापाशी असलेला पिंपळ दोन महिन्यांनी.

माशीसाठी झालेली ही व्यवस्था पक्ष्यांच्या पथ्यावर पडते. आंबा, जांभूळ, बोर यांचे हंगाम ठरलेले आणि थोडक्या दिवसांचे. वड-पिंपळ-उंबरांपैकी कोणी ना कोणी मात्र वर्षभर फळत असते. तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल अशा झाडावर गर्दी करतात. गावात असे चार-पाच वृक्ष टिकून असले तर ते पक्ष्यांचे बाराही महिने चालणारे अन्नछत्र ठरते. पक्षी त्याची परतफेडही करतात. बिया त्यांच्या पोटातून निघून भिंतींवर आणि पडक्या वाड्यांवर पडतात. तेथे उगवलेली पिंपळाची रोपे कोणी माणसाने लावलेली नसतात.

दाणे खाणाऱ्याची पिलेही किडे खातात

चिमणी दाणे टिपते हे आपण लहानपणापासून पाहतो. पण तिच्या पिलाला पहिले काही दिवस दाणे चालत नाहीत. त्याला वाढीसाठी प्रथिने लागतात, म्हणून चिमणी त्याला अळ्या आणि मऊ किडे भरवते. सुगरणही तेच करते. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना कोळी आणि किडे देतो. तेव्हा अंगणात दाणे टाकले आणि अळ्या मारून टाकल्या, तर चिमणी जेवेल पण तिचा वंश वाढणार नाही.

अळ्या येतात पानांवर आणि पान खाणाऱ्या अळ्या खाद्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. कडुनिंब, बाभूळ, बोर, पळस ही येथली झाडे येथल्या किड्यांबरोबर हजारो वर्षे वाढलेली. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा. अशा पाहुण्या झाडांवर गुजराण करणारे स्थानिक किडे सहसा थोडे असतात. पाहुणे झाड सावली देते, फूल देते, काही पक्षी त्यावर घरटीही बांधतात. पण सगळे आवार त्यांचेच असेल तर पिलांच्या ताटात फारसे काही पडत नाही.

नुसती संख्या फसवते

बसस्थानकाच्या छपरावर पारव्यांचा मोठा थवा बसलेला असतो. शाळेच्या आवारात त्या मानाने मोजकेच पक्षी दिसतात. मग पक्ष्यांच्या दृष्टीने बसस्थानक चांगले का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन जागा आहेत. दोन्हीकडे ४० पक्षी आणि ४ जाती. पहिल्या जागी चारही जातींचे १०-१० पक्षी. दुसऱ्या जागी ३७ पारवे आणि बाकी तीन जातींचा एकेक पक्षी. जातींची यादी सारखीच लांब, पण दोन्ही जागा सारख्या नाहीत हे आपल्याला जाणवते. हा फरक आकड्यात मांडण्याचा सोपा मार्ग सिम्पसन यांनी १९४९ मध्ये सुचवला. प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सर्व वर्गांची बेरीज करायची आणि ती १ मधून वजा करायची.

पहिली जागा: प्रत्येक वाटा ०.२५, वर्ग ०.०६२५, चारांची बेरीज ०.२५. उत्तर ०.७५.

दुसरी जागा: वर्गांची बेरीज (१३६९ + १ + १ + १) भागिले १६००, म्हणजे सुमारे ०.८६. उत्तर ०.१४.

या उत्तराचा अर्थ असा: डोळे मिटून एक पक्षी निवडला, पुन्हा सगळ्यांतून एक निवडला, तर ते दोन वेगळ्या जातींचे असण्याची शक्यता पहिल्या जागी १०० पैकी ७५, दुसऱ्या जागी १०० पैकी १४. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमते आणि संभाव्यतेचा पाठ त्यांना बाहेर झाडाखाली भेटतो.

जगातल्या शहरांचा कल दुसऱ्या जागेकडे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५४ शहरांच्या पक्षी-याद्या एकत्र पाहिल्या गेल्या. जगातील पक्ष्यांच्या जातींपैकी सुमारे २० टक्के जाती या शहरांत मिळून आढळल्या, ही आशेची बाजू. पण पारवा आणि चिमणी यांसारख्या मोजक्या जाती यांतल्या बहुतेक शहरांत सापडल्या. म्हणजे गावे वेगवेगळी, तरी पक्षी तेच. आपल्या देशात चिमणीची गोष्टही सरळ नाही. २०२० च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालानुसार देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, मात्र मुंबईसह सहा महानगरांत तिची घट दिसते. ‘चिमण्या संपल्या’ हे वाक्य उच्चारण्याआधी ‘कोठे?’ असे विचारावे लागते.

रजिस्टर कसे ठेवावे?

रावेरमधल्या आपल्या अंदाजाची परीक्षा घ्यायला चार जागा पुरेत: शाळेचे आवार, एखादा जुना वड किंवा पिंपळ, बाजार किंवा बसस्थानक आणि गावालगतची केळीची बाग. प्रत्येक जागी तीन-चार मुलांचा गट द्यावा. सूर्योदयानंतर तासाभरात, एकाच ठिकाणी उभे राहून, घड्याळ लावून दहा मिनिटे मोजणी करावी. तारीख, वेळ, हवा, पक्ष्याची जात, संख्या आणि तो कोणत्या मजल्यावर काय करत होता, एवढे रकाने पुरतात. महिन्यातून दोनदा तीच मोजणी त्याच जागी, तशीच करावी. एका जागी दहा मिनिटे आणि दुसऱ्या जागी अर्धा तास केली तर तुलना व्यर्थ ठरते.

दाट झाडीत पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. मोकळ्या छपरावरचा पारवा मात्र लांबून दिसतो. म्हणून आवाजाने ओळखलेल्या पक्ष्याचीही नोंद करावी आणि तशी खूण ठेवावी. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, हे मुलांना येथे नेमके कळते.

प्रत्येक मोजणीनंतर आजवर सापडलेल्या एकूण जातींचा आलेख काढावा. सुरुवातीला रेघ भराभर चढते, मग हळूहळू आडवी होऊ लागते. बाजाराची रेघ लवकर आडवी होते की आवाराची, हे पाहण्यासारखे असते. हिवाळ्यात धोबी आणि भोरड्या आल्या की ती पुन्हा उचलली जाते. आरंभासाठी नोव्हेंबर चांगला. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे.

एका खोट्या नोंदीची किंमत

ओळख पटली नाही तर मुलांनी ‘अनोळखी’ असेच लिहावे, वर्णन जोडावे, पण नाव ठोकून देऊ नये. याचे महत्त्व सांगायला खानदेशातलीच गोष्ट आहे.

रान पिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी. १८८० च्या दशकात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे तो कोणाला खात्रीने सापडला नाही. मधल्या काळात १९१४ सालचा, गुजरातेतील मांडवीचा म्हणून एक नमुना नोंदला गेला होता. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने तपासले, तेव्हा रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांची ती नोंद खोटी असल्याचे आणि नमुना जुन्या संग्रहातून चोरून नव्या चिठ्ठीने मांडल्याचे उघड झाले. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रान पिंगळा त्यांना जिवंत दिसला. पुढे तो रावेरच्या उत्तरेकडील सातपुड्यात, यावल अभयारण्यातही आढळला. एका चिठ्ठीने पक्ष्याचा पत्ता चुकवला होता आणि खऱ्या नोंदींनी तो परत मिळवून दिला. हा पक्षीही जुन्या झाडाच्या ढोलीतच घर करतो, हे येथे विसरू नये.

शाळेच्या हातात काय आहे?

गावात रान पिंगळा येणार नाही, पण त्याचा चुलतभाऊ साधा पिंगळा येतो. त्याच्यासाठी आणि इतरांसाठी शाळेला फारसा खर्च न करता पुढील गोष्टी करता येतील. आवाराचा एक कोपरा झाडायचा नाही, तेथे झुडपे आणि पालापाचोळा राहू द्यायचा. जेथे मुलांच्या डोक्यावर पडण्याचा धोका नाही तेथे वाळलेली फांदी तोडायची नाही. नवी झाडे लावताना उंबर, बोर, पळस, कडुनिंब असे वेगवेगळ्या उंचीचे सोबती निवडायचे. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकत अंगातली उष्णता घालवतात आणि त्यात पाणी खर्च होते. म्हणून उन्हाळ्यात सावलीत दोन-अडीच सेंटिमीटर खोल पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज घासावे.

जुने झाड तोडण्याची वेळ आली तर कायदा काय म्हणतो हेही माहीत असावे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ चा अधिनियम आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. रस्ता रुंद करताना वड आड आला, की ‘विकास हवा की झाड?’ असा वाद सुरू होतो आणि बहुधा झाड हरते, कारण त्याच्या बाजूने मांडायला कोणाजवळ कागद नसतो. दोन वर्षांचे, तारीखवार, प्रामाणिक रजिस्टर हा असा कागद आहे. त्या वडावर किती जातींचे पक्षी आले, कोणी घरटे केले, कोणत्या महिन्यात फळे होती, हे त्यात लिहिलेले असेल. आणि आमचा अंदाज चुकला, केळीची बागच पुढे निघाली, तरी तेही त्याच रजिस्टरात लिहून ठेवावे.